एकाच तुकड्याचे दोन अहवाल: स्मॉल सेल की कार्सिनॉइड?

मोठी बहीण

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीविषयी विचारायचे आहे. ती ३४ वर्षांची आहे आणि तिने आजवर विडी-सिगारेटला कधी हात लावलेला नाही. गेली तीन वर्षे तिला खोकला आणि धाप यांचा त्रास आहे. एवढा काळ तो दमाच समजला गेला आणि त्याप्रमाणे दोन प्रकारचे इन्हेलर, मधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या आणि वर्षातून दोनदा तरी अँटिबायोटिकचा कोर्स असे उपचार चालू राहिले, कारण तिला वरचेवर न्यूमोनिया होत असे. तो प्रत्येक वेळी उजव्या फुप्फुसाच्या खालच्याच भागात होत होता, हे जुने एक्स-रे एकापुढे एक मांडून पाहिल्यावर आता आमच्या ध्यानात आले.

दीड महिन्यापूर्वी खोकताना रुमालावर चमचाभर ताजे रक्त पडले आणि तेव्हा पहिल्यांदा सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या लोबकडे (खंडाकडे) जाणाऱ्या श्वासनलिकेत सुमारे २ सेंटिमीटरची गाठ निघाली. दुर्बिणीने तपासणी करताना डॉक्टरांनी मला ती पडद्यावर दाखवली. ती गुळगुळीत आणि लालभडक होती, बाटलीला बूच बसवावे तशी नळीत घट्ट बसलेली होती. चिमट्याने तीन-चार बारीक तुकडे घेतले.

पहिला अहवाल आला तो 'स्मॉल सेल कार्सिनोमा' असा. हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा फार वेगाने पसरणारा प्रकार आहे, त्यात ऑपरेशनचा सहसा उपयोग नाही आणि केमो लगेच सुरू करावी लागेल, असे आम्हाला सांगण्यात आले आणि पुढच्या आठवड्याची तारीखही मिळाली. नात्यातल्या एका डॉक्टरांच्या आग्रहावरून आम्ही त्याच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवल्या, तर तिथून 'कार्सिनॉइड ट्यूमर, केआय-६७ सुमारे ३ टक्के' असा अहवाल आला आणि ऑपरेशनचा विचार करावा असे त्याखाली लिहिले होते. तुकडा एकच असताना एक जण ऑपरेशन नको म्हणतो आणि दुसरा ऑपरेशनच करा म्हणतो. विश्वास कोणावर ठेवावा? आणि हे ठरवण्यात दिवस घालवले तर आजार हाताबाहेर जाईल का, या भीतीने घरात कोणाला झोप नाही.

काचपट्टी

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि माझा बराचसा दिवस फुप्फुसाच्या बायॉप्सी पाहण्यात जातो. स्लाइड डोळ्यांखालून गेल्याशिवाय निदान सांगता येत नाही, त्यामुळे ते मी सांगणार नाही. मात्र एकाच तुकड्यावर असे दोन अहवाल कसे निघू शकतात, हे सांगू शकतो, कारण हा आमच्या कामातला जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला सापळा आहे.

फुप्फुसात न्यूरोएंडोक्राइन नावाच्या, म्हणजे हार्मोन सोडू शकणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींचे चार मुख्य प्रकार आहेत: टिपिकल कार्सिनॉइड, अटिपिकल कार्सिनॉइड, लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा आणि स्मॉल सेल कार्सिनोमा. घराणे एक असले तरी वागणुकीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले दोन सावकाश वाढतात आणि फुप्फुसाच्या एकूण गाठींत मिळून जेमतेम १ ते २ टक्के भरतात. शेवटचे दोन अत्यंत आक्रमक असतात. स्मॉल सेल त्या मानाने पुष्कळ आढळतो, त्यामुळे लहान, गडद, एकमेकांना चिकटलेल्या पेशी दिसल्या की पाहणाऱ्याच्या मनात आधी तोच येतो.

आता दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची गोष्ट. तो एक-दोन मिलिमीटरचा असतो आणि चिमट्याच्या दातांत सापडून चेंगरतो. चेंगरलेल्या पेशींची केंद्रके ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखी निळ्या फराट्यांमध्ये ओढली जातात. स्मॉल सेलच्या पेशी नाजूक असल्याने त्यांत हे नेहमीच घडते, पण कार्सिनॉइडच्या तुकड्यातही घडते, आणि एकदा चेंगरल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसू लागतात. अशा वेळी केलेल्या विशेष रंगचाचण्यांनीही फसगत होऊ शकते. क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिन आणि सीडी-५६ या तिन्ही चाचण्या गाठ न्यूरोएंडोक्राइन आहे एवढेच सांगतात. त्या दोन्हींत पॉझिटिव्ह येतात, म्हणून 'तिन्ही पॉझिटिव्ह, तेव्हा स्मॉल सेल' असा निष्कर्ष काढता येत नाही.

इथे उपयोगी पडते ती केआय-६७. विभाजनाच्या मार्गावर असलेल्या पेशी या चाचणीत रंगतात, आणि केंद्रक चेंगरलेले असले तरी रंग बहुधा ओळखू येतो. स्मॉल सेलमध्ये हे प्रमाण सहसा निम्म्याहून कितीतरी जास्त, अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. टिपिकल कार्सिनॉइडमध्ये ते बहुधा ५ टक्क्यांच्या आत राहते. तुमच्या बहिणीचे ३ टक्के हे मोजमाप चांगल्या, पुरेशा पेशी असलेल्या भागात झाले असेल, तर स्मॉल सेलचे निदान टिकणे मला फार अवघड दिसते. आरबी नावाच्या प्रथिनाची चाचणीही मागता येईल. स्मॉल सेलमध्ये ते प्रथिन बहुतेक वेळा नाहीसे झालेले असते, तर कार्सिनॉइडमध्ये ते टिकून असते.

पहिल्या अहवालात केआय-६७ केली होती का, ते कृपया कागद पाहून सांगा.

शेवटी, आजाराची हकीकत आणि स्लाइड यांचा मेळ बसायला हवा. धूम्रपान न केलेली ३४ वर्षांची स्त्री, तीन वर्षांचा इतिहास आणि नळीतली गुळगुळीत लाल गाठ हे वर्णन ऐकल्यावर कार्सिनॉइड मनात येणारच. स्मॉल सेल तीन वर्षे एका जागी बूच होऊन बसत नाही, तो काही महिन्यांत आपले रूप दाखवतो. आम्हा पॅथॉलॉजिस्टांकडे येणाऱ्या अर्जावर पुष्कळदा फक्त 'गाठ, उजवे फुप्फुस' एवढेच लिहिलेले असते. त्या एका ओळीवर निदान करणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही, पण ती हकीकत अर्जावर आली असती तर कदाचित त्याचाही हात थबकला असता.

नवा वाचक

कार्सिनॉइड म्हणजे कर्करोग नव्हे, कर्करोगासारखी दिसणारी साधी गाठ असते, असे मी वाचले आहे. मग तिला हात न लावता नुसते लक्ष ठेवून चालणार नाही का?

उरोशल्यक

वरील प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज खुद्द नावातूनच आला आहे. १९०७ साली जर्मन पॅथॉलॉजिस्ट झिगफ्रीड ओबरनडॉर्फर यांनी आतड्यातल्या अशा गाठींना 'कार्सिनोमासारखी' या अर्थाचे हे नाव दिले, तेव्हा त्यांना त्या निरुपद्रवी वाटल्या होत्या. १९२९ साली त्यांनीच मत बदलून या गाठी पसरू शकतात असे लिहिले, पण नाव बदलले नाही आणि गैरसमजही राहिला. टिपिकल कार्सिनॉइड हा सौम्य वर्तनाचा असला तरी कर्करोगच आहे. साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत तो जवळच्या लसिकाग्रंथींत सापडतो, तर अटिपिकलमध्ये हे प्रमाण बरेच जास्त असते. शिवाय ३४ वर्षांच्या माणसाच्या नळीत बूच ठेवून द्यायचे म्हणजे त्यामागचा लोब वरचेवर पिकू द्यायचा. तेव्हा नुसते लक्ष ठेवणे हा इथे पर्याय नाही.

आता ताईंच्या भीतीविषयी. गाठ कार्सिनॉइड असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. ती स्मॉल सेल असेल, तर मात्र एकेक आठवडा मोलाचा असतो. म्हणूनच फेरतपासणी लांबवू नये, पण ती टाळूही नये. स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकसुद्धा, म्हणजे बायॉप्सीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा, मागून घ्या आणि फुप्फुसाच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे तिसऱ्या मतासाठी पाठवा. ब्लॉक हातात असला तर नवीन चाचण्या करता येतात, आणि मत साधारण आठवड्याभरात येऊ शकते. तुकडे खरोखरच निकामी झाले असतील, तर पुन्हा बायॉप्सी करावी. या गाठींत रक्तवाहिन्या भरपूर असल्याने रक्तस्रावाची तयारी ठेवूनच ती करावी लागते. केमोची तारीख पुढे ढकलायची, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही अहवाल दाखवून ढकला, परस्पर नको. त्यांनीही दुसरा अहवाल अजून पाहिला नसण्याची शक्यता आहे. प्लॅटिनम आणि एटोपोसाइड ही स्मॉल सेलची नेहमीची औषधे कार्सिनॉइडवर फारशी चालत नाहीत, म्हणजे चुकीच्या नावावर दिलेल्या केमोचा त्रास पूर्ण आणि लाभ नगण्य.

निदान पक्के झाले तर मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. दुर्बिणीतूनच लेझरने गाठ जाळून टाकता येणार नाही का, असे बहुतेक रुग्ण विचारतात. अगदी निवडक, पूर्णपणे नळीच्या आतच असलेल्या लहान गाठींत तसे करतातही, पण पुष्कळ कार्सिनॉइड हिमनगासारखे असतात. नळीत दिसते ते टोक असते आणि मुख्य पसारा भिंतीच्या पलीकडे असतो. सीटी स्कॅन बारकाईने पाहिल्यावरच हे कळते. मात्र नळी बंद होऊन मागे पू साठला असेल, तर आधी दुर्बिणीतून वाट मोकळी करून संसर्ग आटोक्यात आणणे आणि मग ऑपरेशन करणे, हा क्रम उपयोगी ठरतो.

उजव्या फुप्फुसाला तीन लोब असतात. तुमच्या वर्णनावरून खालचा लोब काढावा लागेल असे दिसते. गाठ मधल्या लोबच्या तोंडापर्यंत पोहोचली असेल, तर एकेकाळी दोन्ही लोब सहज काढून टाकत असत. आता शक्य तिथे स्लीव्ह पद्धत वापरतात: बाही मध्येच कापून दोन टोके शिवावीत तसा श्वासनलिकेचा गाठ असलेला बांगडीसारखा गोल तुकडा काढायचा आणि निरोगी टोके एकमेकांना जोडायची. कार्सिनॉइडला फार रुंद निरोगी कड लागत नाही, म्हणून हे जमते. कडेचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनने, म्हणजे गोठवून लगेच काप काढून, तपासून घेतात. छातीतल्या लसिकाग्रंथी काढून तपासणे हाही या ऑपरेशनचाच भाग आहे, तो वगळला जाणार नाही याची खात्री करून घ्या. ऑपरेशनआधी फुप्फुसांची क्षमता मोजतात, पण तिचा तो लोब तीन वर्षे नीट चालतच नसेल, तर तो काढल्याने क्षमतेत फारशी घट होणार नाही.

जुना रुग्ण

मी डॉक्टर नाही. माझे निदान ४१व्या वर्षी झाले आणि त्याआधी चार वर्षे मीही दमेकरी होतो. माझी घरघर फक्त डाव्या बाजूला ऐकू येत असे. रात्री डाव्या कुशीवर वळलो की शिट्टी वाजे आणि उजव्या कुशीवर वळलो की थांबे. पत्नीने हे डॉक्टरांना दोनदा सांगितले, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही. दमा दोन्ही फुप्फुसांत असतो आणि एकाच बाजूची शिट्टी म्हणजे त्या बाजूच्या नळीत काहीतरी अडले आहे, हे मला नंतर एका तरुण डॉक्टरने समजावून सांगितले. स्टिरॉइड घेतल्यावर आठ-दहा दिवस थोडे बरे वाटत असे आणि त्या थोड्या बरेपणाने आणखी दोन वर्षे खाल्ली.

माझी गाठ अटिपिकल निघाली. हे बायॉप्सीत नक्की कळले नव्हते, ऑपरेशननंतर पूर्ण गाठ तपासल्यावर कळले. ऑपरेशनविषयी एकच व्यावहारिक गोष्ट सांगतो. पहिले चार दिवस छातीतून नळी बाहेर काढलेली असते आणि खोकायला सांगतात, तेव्हा खोकणे म्हणजे शिक्षा वाटते. उशी घट्ट पोटाशी-छातीशी धरून खोकले की टाके तितके ओढत नाहीत. श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे एक यंत्र देतात, श्वास आत ओढला की त्यातले चेंडू वर जातात; ते कंटाळा न करता दर तासाला ओढावे. माझा तिसरा चेंडू बाराव्या दिवशी वर गेला.

साडेसहा वर्षांनी माझ्या यकृतावर दोन ठिपके सापडले. बहिणीला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, तिचा प्रकार बहुधा वेगळा आहे. पण पाच वर्षे झाली, आता सुटलो, असे मानून तपासण्या सोडू नयेत म्हणून लिहीत आहे. मला आधी दर चार आठवड्यांनी लॅनरिओटाइडचे इंजेक्शन दिले आणि पुढे गाठी वाढू लागल्यावर एव्हरोलिमसच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी तोंड येते, पाण्याचा घोटही झोंबतो, पण डोस कमी केल्यावर आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधी गुळण्यांनी निभावते. काम करतो, चालायला जातो.

मोठी बहीण

सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. काचपट्टी, कागद पुन्हा पाहिले. पहिल्या अहवालात केआय-६७ नाही, फक्त आपण म्हणता त्या तीन चाचण्या आहेत, तिन्ही पॉझिटिव्ह. 'चेंगरल्यामुळे मर्यादा' असा शेराही तळाशी बारीक अक्षरांत आहे, जो आमच्यापैकी कोणीच वाचला नव्हता. ब्लॉक मिळाला असून तो आजच तिसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवला आहे. केमोच्या डॉक्टरांनी दुसरा अहवाल पाहिल्याबरोबर स्वतःहून तारीख थांबवली.

आणखी दोन शंका आहेत. तिचा नेहमीचा पेट स्कॅन झाला, त्यात गाठ फारशी उजळली नाही, म्हणून घरचे म्हणतात की मग कर्करोग नसेलच. आता गॅलियमचा वेगळा पेट स्कॅन सुचवला आहे, तो खरेच आवश्यक आहे का? आणि ही गाठ हार्मोन सोडते, ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळतो, असेही कुठेतरी वाचले आहे.

उरोशल्यक

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देतात, आणि वेगाने वाढणाऱ्या गाठी ती हावरेपणाने ओढून घेतात. टिपिकल कार्सिनॉइड सावकाश वाढतो, म्हणून तो त्यात मंद दिसू शकतो. स्कॅन मंद आला म्हणजे कर्करोग नाही, असे ठरत नाही. उलट, स्मॉल सेल सहसा त्यात झगझगीत दिसतो, म्हणून हा मंदपणाही दुसऱ्या अहवालाच्याच बाजूने बोलतो. गॅलियम स्कॅनमध्ये साखरेऐवजी सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनच्या ग्राहकांना (पेशीवरच्या रिसेप्टरना) चिकटणारा पदार्थ देतात, आणि हे ग्राहक कार्सिनॉइडच्या पेशींवर बहुधा भरपूर असतात. लसिकाग्रंथी, यकृत किंवा हाडांत कुठे ठिणगी आहे का, हे ऑपरेशनआधी एकदा पाहून घेणे शहाणपणाचे आहे. पुढे कधी गरज पडली, तर जुन्या रुग्णांनी सांगितलेली इंजेक्शने किंवा ल्युटेशियमचे किरणोत्सारी उपचार लागू पडतील का, हेही त्याच ग्राहकांवरून ठरते. एव्हरोलिमसला मात्र ते ग्राहक लागत नाहीत. ३०२ रुग्णांच्या ज्या चाचणीवरून त्या गोळ्यांना २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तिच्यात फुप्फुसाच्या गाठीचे ९० रुग्ण होते, आणि आजार वाढण्यापर्यंतचा मध्यम कालावधी ३.९ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला होता. अर्थात बहिणीला आज यांपैकी कशाचीही गरज दिसत नाही.

हार्मोनविषयी: चेहरा एकाएकी लाल होणे, जुलाब आणि घरघर असा जो कार्सिनॉइड सिंड्रोम प्रसिद्ध आहे, तो फुप्फुसाच्या गाठींत क्वचितच, बहुधा यकृतात पसरल्यावर दिसतो. अशी लक्षणे असतील तर २४ तासांच्या लघवीत ५-एचआयएए (सिरोटोनिन या हार्मोनच्या विघटनातून बनणारा पदार्थ) मोजतात, आणि त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो व अक्रोड बंद ठेवतात, नाहीतर आकडा उगाच वाढतो. काही गाठी एसीटीएच (शरीरातले स्टिरॉइड वाढवणारे हार्मोन) सोडतात, त्याने चेहरा गोल होणे, रक्तदाब आणि साखर वाढणे असे दिसते. तिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असल्याने अशा खुणांचा अर्थ लावताना सावध राहावे लागेल, आणि त्या गोळ्यांची माहिती भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून द्या. टेबलावरच्या संकटासाठी ते डॉक्टर ऑक्ट्रिओटाइड हे हार्मोन रोखणारे औषध हाताशी ठेवतात. आणि हो, आई-वडिलांकडे कोणाला पॅराथायरॉइड, पिट्युटरी किंवा स्वादुपिंडाच्या गाठी झाल्या होत्या का, हे विचारून ठेवा, कारण थोड्या रुग्णांत हा आजार एमईएन-१ या आनुवंशिक दोषाचा भाग असतो.

मोठी बहीण

उशिरा कळवत आहे, क्षमस्व. तिसऱ्या तज्ज्ञांचे मतही कार्सिनॉइड असेच आले, आरबी टिकून होते. गॅलियम स्कॅनमध्ये फक्त तीच एक गाठ उजळली. खालचा लोब काढला, आणि स्लीव्ह करून मधला वाचला. काल अंतिम अहवाल आला: गाठ २.१ सेंटिमीटर, दोन चौरस मिलिमीटरमध्ये एक विभाजन, मृत पेशींचे पट्टे नाहीत, कड मोकळी, अकरा लसिकाग्रंथींपैकी एकीतही काही नाही. यावर आता केमो किंवा रेडिएशन द्यायचे का?

काचपट्टी

नाही. दोन चौरस मिलिमीटरमध्ये दोनपेक्षा कमी विभाजने आणि मृत पेशी नाहीत, म्हणजे टिपिकल, आणि ग्रंथीही मोकळ्या आहेत. यानंतर सर्वमान्य पद्धतीनुसार केवळ देखरेख असते: पहिल्या वर्षात दोनदा, नंतर वर्षातून एकदा, निदान दहा वर्षे. अशा रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाच वर्षांनंतरही हयात असतात. ब्लॉक आणि स्लाइड परत घ्यायला विसरू नका, पुढे कधी तुलना करायची झाली तर त्याच लागतात.

मोठी बहीण

ब्लॉक ताब्यात घेतला आहे. जुन्या रुग्णांना तिचा निरोप: तिसरा चेंडू नवव्या दिवशी वर गेला.